मोतीबिंदूचे भिंग आणि आपले वार्धक्य

(सिडनी येथील आपल्या ज्येष्ठ मंडळींच्या मेळाव्यात, तोलेदोथ पराशाच्या आठवड्यात, समाजातील एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित.)



या आठवड्याच्या पराशात आपला पिता इसहाक याच्या वार्धक्याची कथा येते. तो वृद्ध झाला आणि त्याची दृष्टी मंदावली. लहानपणी अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये मी ही कथा ऐकत असे, तेव्हा माझे सारे लक्ष याकोब आणि एसाव यांच्याकडे असे. पुढे चाळीस वर्षे परिचर्येचे काम केल्यावर मी तीच कथा रुग्णाच्या केसपेपरासारखी वाचू लागले. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते की पित्याला दिसत नाही. त्याने मुलाचा हात चाचपून पाहिला, कपड्याचा वास घेतला, आवाज ओळखला, शंकाही घेतली. म्हणजे त्याची बुद्धी शाबूत होती. केवळ डोळे नव्हते म्हणून तो फसला.

आयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे: वृद्धांसाठीचे आरोग्य-तंत्रज्ञान आणि आपल्या प्रदेशातील देशांचे सहकार्य. विषय मोठा आहे, आणि तो आपल्या दाराशी आलेला आहे. ऑस्ट्रेलियात आज सहा माणसांमागे एक पासष्टीच्या वरचा आहे. जपानमध्ये दहांमागे जवळजवळ तीन. भारतात २०११ च्या जनगणनेतच साठीवरच्या माणसांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली होती. तथापि मी आज एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे. तिचा व्यास जेमतेम सहा मिलिमीटर असतो. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवतात ते कृत्रिम भिंग. आज येथे बसलेल्यांपैकी निदान निम्म्यांच्या डोळ्यांत ते असेल. माझ्या तर दोन्ही डोळ्यांत आहे.

आरंभ माझ्या आईपासून करते.

मी १९७१ साली मुंबईत परिचर्येची पदविका घेतली आणि १९७९ साली या देशात आले. भावंडे इस्रायलला गेली होती. वडील निवर्तले होते. आई अलिबागच्या इस्रायल आळीतले घर सोडायला तयार नव्हती. १९८१ साली एका नेत्रशिबिरात तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. त्या काळच्या रीतीप्रमाणे डोळ्यातले गढूळ झालेले भिंग काढून टाकले, त्या जागी काही बसवले नाही, आणि जाड काचेचा चष्मा दिला. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या त्या काचा आपल्यापैकी अनेकांनी आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांवर पाहिल्या असतील. आईने पत्रात लिहिले, "आता सर्व ठीक दिसते." मी निर्धास्त झाले.

पुढे तिच्या पत्रांतली अक्षरे मोठी होत गेली, ओळी तिरक्या जाऊ लागल्या. त्यानंतर पत्रे शेजारच्या मुलाच्या अक्षरात येऊ लागली. "लिहायचा कंटाळा येतो," असे त्याच्या हातून तिने कळवले. मी त्या वेळी सिडनीतल्या एका रुग्णालयाच्या नेत्रविभागात काम करीत होते. दररोज शस्त्रक्रियेच्या मेजापाशी उभी राहून मी परक्यांच्या आयांसाठी भिंगे हातात देत होते, आणि माझ्या आईची वाकडी अक्षरे पाहून मला इतकेच वाटले की वय झाले.

१९८५ साली मी घरी गेले. आईने मला आवाजावरून ओळखले. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावताना ती डाव्या हाताच्या बोटांनी वात चाचपत होती, आणि त्या बोटांच्या टोकांना जुने भाजल्याचे डाग होते. चष्मा पत्र्याच्या डब्यात ठेवलेला होता. एक काच तडकलेली, दांडी दोऱ्याने बांधलेली. तो दीड वर्षापूर्वी ओट्यावर पडून फुटला होता. मी म्हटले, "आई, तू कळवले का नाहीस?" ती म्हणाली, "तू एवढ्या लांब. तुझ्या जिवाला घोर कशाला?"

मी तिला मुंबईला नेऊन नवा चष्मा करून दिला. तीन वर्षांनी दुसऱ्या डोळ्याची वेळ आली, तेव्हा मुंबईतल्याच एका डॉक्टरांकडून परदेशी भिंग बसवून घेतले. माझ्या सिडनीच्या पगारातून ते परवडले. आळीत आईच्याच वयाची एक शेजारीण होती, आईबरोबर शिबिरालाही गेलेली. तिच्यासाठी मात्र ते भिंग नव्हते, कारण तिची मुलगी सिडनीत नव्हती. हे वाक्य मी आजवर कोणत्याही सभेत बोलले नव्हते.

आता योगायोग पाहा. ज्या १९८५ साली मी आईचा तो फुटका चष्मा हातात घेतला, त्याच साली सिडनीचे एक नेत्रतज्ज्ञ नेपाळात गेले होते. त्यांचे नाव डॉ. फ्रेड हॉलोज. जन्म १९२९, न्यूझीलंडमधील ड्युनेडिनचा. १९६५ पासून ते रँडविकच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात नेत्रविभागाचे प्रमुख होते. १९७६ नंतर त्यांनी या देशाच्या अंतर्भागात फिरून साडेचारशेहून अधिक आदिवासी वस्त्या पालथ्या घातल्या आणि त्यांच्या पथकाने एक लाखाहून अधिक लोकांचे डोळे तपासले. श्रीमंत देशाच्या पोटात टाळता येण्याजोगे अंधत्व किती आहे, हे त्यांनी देशाला दाखवून दिले.

नेपाळात त्यांची गाठ डॉ. संदुक रुइत या तरुण शल्यविशारदाशी पडली. पूर्व नेपाळच्या दुर्गम डोंगरी गावात जन्मलेल्या रुइत यांचे वैद्यकीय शिक्षण भारतात, लखनौ आणि दिल्ली येथे झाले होते. पुढे ते सिडनीला हॉलोज यांच्याकडे येऊन राहिले, शिकले. दोघांचे एका गोष्टीवर एकमत होते. गरिबाचा मोतीबिंदू काढून त्याला जाड चष्मा देणे हा उपचार पुरा होत नाही. डोंगरवाटेवर चष्मा पडतो, फुटतो, हरवतो, आणि माणूस पुन्हा आंधळा होतो. माझ्या आईची कथा त्यांनी हजारो घरांत पाहिली होती.

कृत्रिम भिंगाची कल्पना नवी नव्हती. लंडनचे डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिले भिंग बसवले होते. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लॅस्टिक छताचे तुकडे शिरत आणि ते तुकडे डोळा मुकाट्याने सहन करी, हे त्यांनी हेरले होते. पण चाळीस वर्षांनंतरही एका भिंगाला शंभर डॉलरांहून अधिक किंमत पडे. तेव्हा अनेकांचे म्हणणे असे होते की गरीब देशांना चष्माच पुरे. हॉलोज-रुइत यांचे म्हणणे असे की भिंग महाग असेल तर भिंगाचा कारखानाच त्या देशात काढा.

१९९२ साली फ्रेड हॉलोज प्रतिष्ठानाची स्थापना झाली. १९९३ च्या फेब्रुवारीत हॉलोज कर्करोगाने निवर्तले. कारखाने पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पण काठमांडूत १९९४ साली तिलगंगा नेत्रकेंद्र उघडले, आणि तेथे व एरिट्रियाच्या अस्मारा शहरात भिंगे तयार होऊ लागली. इकडे तामिळनाडूत मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली अकरा खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय काढले होते. संधिवाताने बोटे वाकडी झालेला हा शल्यविशारद! त्यांच्या संस्थेनेही १९९२ साली ऑरोलॅब हा भिंगांचा कारखाना सुरू केला. भिंगाची किंमत शंभर डॉलरांवरून दहाच्या आत आली आणि पुढे पाचाच्या आसपास स्थिरावली. रुइत यांनी शस्त्रक्रियेची पद्धतही अशी बसवली की छेद लहान असावा, टाके लागू नयेत, महागडे यंत्र नसले तरी चालावे. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचे मोठे कार्य झाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. रुइत यांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार आणि २०१८ साली भारताची पद्मश्री मिळाली.

प्रादेशिक सहकार्य म्हणतात ते हे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, सिडनीत काम करणारा डॉक्टर, भारतात शिकलेला नेपाळी शिष्य, मदुराईचे रुग्णालय, आणि यांच्या श्रमातून स्वस्त झालेले भिंग. त्यांनी परस्परांना केवळ वस्तू दिल्या नाहीत. विद्या दिली, आणि ती घेणाऱ्याच्या गावी रुजू दिली. दान आलेले भिंग एका डोळ्यापुरते असते. कारखाना आणि शिकलेला हात पुढच्या पिढीलाही पुरतात.

आता आजच्या यंत्रांकडे वळते. पडल्यावर आपोआप हाक देणारी लोलकाची माळ, बिछान्याखालची चटई जी रुग्ण उठताच घंटी वाजवते, दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावर भेट, असे कितीतरी. जपानमध्ये डॉ. ताकानोरी शिबाता यांनी पारो नावाचे सीलच्या पिल्लासारखे यंत्र घडवले. स्मृतिभ्रंश झालेला माणूस त्याला कुरवाळतो आणि ते प्रतिसाद देते. येथे क्वीन्सलंडमध्ये ग्रिफिथ विद्यापीठाच्या प्राध्यापिका वेंडी मॉयल यांनी अठ्ठावीस वृद्धाश्रमांतील चारशे पंधरा रहिवाशांवर त्याची कसोटी घेतली आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा पारोने मन अधिक प्रसन्न राहिले. मात्र त्यांनी एका गटाला तेच खेळणे यंत्र बंद करून, साध्या मऊ बाहुल्यासारखे दिले होते. पारोमुळे माणसे अधिक बोलती झाली, अधिक पाहू लागली. बाकी बाबतींत बाहुला फारसा मागे पडला नाही. मला ही कसोटी फार आवडते. नव्या यंत्राला प्रामाणिकपणे विचारलेला हा प्रश्न आहे: तुझ्यामुळे नेमके काय अधिक झाले?

माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगते. आपल्या समाजातील एक वृद्ध मावशी एका वृद्धाश्रमात होत्या. आयुष्यभर उत्तम इंग्रजी बोललेल्या. पण स्मृती ढळू लागली तशी इंग्रजी गळून पडली आणि रेवदंड्याची मराठी तेवढी उरली. त्यांच्या बिछान्याखाली ती घंटीची चटई होती. रात्री घंटी वाजे, परिचारिका धावत येत, मावशी पुनःपुन्हा म्हणत, "मोरी, मोरी." वहीत नोंद होई: रुग्ण अस्वस्थ, मोरी नावाच्या नातेवाइकास हाका मारते. मोरी नावाचे कोणी आहे का, असे कुटुंबाला विचारलेही गेले. मी भेटीस गेले तेव्हा मला हसावे की रडावे कळेना. मावशींना मोरीत जायचे होते! त्या मुली कामचुकार नव्हत्या. चटईनेही आपले काम चोख केले होते. रुग्ण उठला हे तिने सांगितले. का उठला हे सांगायला मराठी जाणणारे कोणी नव्हते. मी मराठीचे वीस शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून भिंतीवर लावले: पाणी, मोरी, दुखते, थंडी, भूक. त्यानंतर रात्रीच्या घंट्या कमी झाल्या.

वृद्धसेवेच्या चौकशीसाठी नेमलेल्या राजआयोगाने २०१९ साली आपल्या अंतरिम अहवालाला एकच शब्द शीर्षक म्हणून दिला होता: उपेक्षा. १ नोव्हेंबर २०२५ पासून नवा वृद्धसेवा कायदा लागू झाला आहे. त्यात वृद्धांच्या हक्कांची सनद आहे, आणि घरी राहणाऱ्यांना साहाय्यक उपकरणे व घरातील फेरफार यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. तिचा लाभ अवश्य घ्यावा. पण उपकरण घेताना तीन प्रश्न विचारावेत. बिघडले तर दुरुस्त कोण करणार? घंटी वाजली तर येणार कोण? आणि येणाऱ्याला आपली भाषा कळेल का? आईच्या चष्म्याच्या वेळी पहिला प्रश्न कोणी विचारला नाही. मावशींच्या वेळी तिसरा.

जाता जाता शब्बाथविषयी. गळ्यातली माळ शब्बाथला काढून ठेवणारी मंडळी मला ठाऊक आहेत. जीव वाचवणे शब्बाथाहून वरचे आहे, हे आपला धर्मच शिकवतो. मनात किंतु असेल तर रब्बींना आधी विचारून घ्यावे. पडल्यावर विचारण्यास अवसर नसतो.

शेवटी तरुण मंडळींना एक विनंती. आज रात्री भारतात किंवा इस्रायलमध्ये आईवडिलांना पडद्यावर भेटाल, तेव्हा "दिसते ना नीट?" असे विचारू नका. ती "दिसते" असेच म्हणतील. त्यांना एक डोळा तळहाताने झाकायला सांगा आणि समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचायला सांगा. मग दुसरा डोळा झाका. एवढ्याला दोन मिनिटे लागतात. आणि जे येथेच आपल्या ज्येष्ठांजवळ राहतात त्यांनी तसे वीस शब्द लिहून ठेवावेत, आजच, मन शाबूत असताना, त्यांना स्वतःला विचारून. मी माझे लिहिले आहेत. पहिला शब्द मोरी हाच आहे.