बॅटरीवर आळ घेण्याआधी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



मला भाषणाची सवय नाही. इथं घनसावंगीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, तेव्हा कामाचंच बोलतो.

उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाले एकच तक्रार घेऊन येतात, "भाऊ, बॅटरी टिकत नाही, नवी टाका." मी आधी मीटर लावतो. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की आकडा 14 च्या आसपास चढला पाहिजे. चढलाच नाही, तर अल्टरनेटर, म्हणजे आपल्या भाषेत डायनामो, चार्जिंग देत नाही. 15 च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला. मग बॅटरीतलं पाणी आटत जातं.

डायनामो उतरवण्याआधी पट्टा सैल आहे का, वायरी आणि अर्थिंग गंजलंय का, ते बघायचं. पुष्कळदा काम तिथंच होतं. नाही झालं, तर आत कार्बन झिजलेले किंवा डायोड गेलेला सापडतो. कार्बनच्या जोडीला नव्या बॅटरीच्या मानानं किरकोळ पैसे लागतात. एक मात्र करू नका : चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासू नका. व्होल्टेज उसळून चांगले डायोडही जातात.

जुन्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की बॅटरीविना चालत राहतं. म्हणून दिवसा हा बिघाड कळत नाही. रात्री दिवे मंदावतात आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला उसाची ट्रॉली दिसत नाही. म्हणून मी म्हणतो, प्रश्न पैशाचाच नाही, जिवाचा आहे.

यातलं मूळ आपण याच शाळेत शिकलो. कॉइलजवळ चुंबक हलवला की वीज तयार होते, हे फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवलं. डायनामोत रोटर हा फिरता चुंबक आणि भोवती कॉइल. निघालेल्या एसीचं डायोड डीसी करतात. पुस्तकातली ती आकृती मला खरी कळली डायनामो खोलल्यावर.

म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एक जुना डायनामो खोलून, साफ करून आणला आहे. सरांना एकच विनंती, तो काचेच्या कपाटात ठेवू नका. पोरापोरींना हातात घेऊ द्या, खोलू द्या, जोडू द्या.