मुलाच्या हातीं पहिली सुरी

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं किंवा दौंड तालुक्यांत भीमेच्या कांठीं कांद्याची काढणी चालू असली, म्हणजे पात कापणाऱ्या आईच्या विळ्याकडे शेजारीं बसलेल्या लेंकराचा हात हटकून जातो. समंजस आई तो हात झिडकारीत नाहीं. ती आधीं खुरपें देते. विळा मागाहून येतो, आणि उसाचा कोयता तर दंडांत बळ आल्यावांचून मिळत नाहीं.

शहरांतील आईबापांनींही हा क्रम ध्यानीं घ्यावा. मुलाला पहिली सुरी देतांना पुष्कळजण ती मुद्दाम बोथट निवडतात. ही चूक होय. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो. पातें निसटतें आणि तो सारा जोर बोटावर येतो. सुरी लहान, धारेची पण गोल टोंकाची असावी. तिची मूठ मुलाच्या पंजांत नीट बसावी. आरंभ केळ्यानें करावा, मग उकडलेला बटाटा, त्यानंतर काकडी. धरणाऱ्या हाताचीं बोटें आंत वळवावीं, सुरी निसटल्यास झेलूं नये, आणि वडील माणसानें जवळच बसावें.

काम संपतांच सुरी धुऊन, पुसून जागेवर ठेवणें हाही त्याच धड्याचा भाग आहे. तें मूल न सांगतां करूं लागेल, तेव्हां मोठी सुरी द्यावी.