पिवळा दिवा आणि पी०४२०
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला कॉम्प्युटरवर बोल असं सांगितलं होतं. मी कॉम्प्युटरवरच बोलणार आहे, पण तुमच्या गाडीतल्या. गेल्या दोन वर्षांत आपल्या ग्रुपमधल्या निदान चौघांनी मला इंजिनाच्या त्याच पिवळ्या दिव्याचा फोटो पाठवलाय. वर "तू इंजिनीअर ना, मग सांग!" सॉफ्टवेअरवालीला गाडीचं विचारणं म्हणजे गणिताच्या सरांना पेटी वाजवायला लावणं. तरी या दिव्यापुरतं तुम्ही बरोबर ठिकाणी आलात, कारण तो दिवा एक प्रोग्राम लावतो.

माझा चुलत भाऊ, आमचा दादा, साकोली-नागपूर भाड्याची पेट्रोल गाडी चालवतो. त्याचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी०४२०, आणि निकाल मिळाला: कन्व्हर्टर गेला, नवा टाका. खर्च गाडीच्या चार हप्त्यांएवढा. दुसऱ्या कोणी स्वस्त उपाय सुचवला, "आतलं जाळंच काढून टाकू." दादा त्याला जवळजवळ तयार झाला होता. घरी मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, त्याला दोष कसा देणार?

आधी ते जाळं काय ते सांगते. सायलेन्सरच्या नळीत, इंजिनाच्या जवळ, मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा असतो. त्याच्या छिद्रांवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ थर. आपण पितळी भांड्यांच्या भंडाऱ्याचे, त्यामुळे एका शब्दात कळेल: कल्हई. काम कल्हई करते, भांडं तिला फक्त धरून ठेवतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हा थर बऱ्याच अंशी निरुपद्रवी करतो. शिसं या थराला विष. म्हणून १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तेव्हा बिनशिशाचं पेट्रोलही आणावं लागलं; २००० पासून ते देशभर आलं.

या थरात सिरियमचं ऑक्साइडही असतं, आणि आपल्या कोडाची सगळी गंमत त्यात आहे. ती धानाची कोठी समजा. धुरात ऑक्सिजन जास्त आला की साठवायचा, कमी पडला की काढून द्यायचा. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. जुन्या पद्धतीच्या पुढच्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली नाचतो. कोठी शाबूत असेल तर मागचा ०.६-०.७ च्या आसपास संथ राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की प्रोग्राम म्हणतो, कोठी रिकामी. सहसा सलग दोन फेऱ्यांत असं दिसलं की दिवा लागतो.

म्हणजे कन्व्हर्टर कोणी उघडून पाहिलेला नसतो. प्रोग्रामने मागच्या सेन्सरवरून काढलेला तो अंदाज आहे. आमच्या धंद्यात सर्व्हर उत्तर देत नाही अशी तक्रार आली की आम्ही आधी वायर पाहतो, सर्व्हर विकत घेत नाही.

म्हणून दादाला सांगितलं, कोड पुसू नको. कोड पडला त्या क्षणाचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान हे सगळं गाडीने जपून ठेवलेलं असतं. पुसलं की पुरावा गेला. दुसरा कोड आहे का ते पाहिलं. मिसफायरचा असता तर आधी तो दुरुस्त करायचा, कारण न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि पोळं वितळतं. दिवा नुसता लागलेला असेल तर गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर, बाप्पा, बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

मिसफायर नव्हता. मग आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी थंड इंजिन सुरू केलं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडकं दाबलं. कन्व्हर्टरच्या आधीच्या जोडावर फुस्स आवाज आला, तिथे काजळीही होती. पॅकिंग जळालं होतं. अशा फटीतून धूर बाहेर येतो, तशी मधल्या झटक्यांत बाहेरची हवा आतही ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि हिशेब बिघडतो.

पॅकिंग बदललं. इंजिन पूर्ण गरम करून २५०० फेऱ्यांवर धरलं, फोनवर दोन्ही सेन्सरच्या रेषा लावल्या. पुढची नाचत होती, मागची जवळजवळ सरळ. ती नाचली असती तर कन्व्हर्टर बदलायलाच लागला असता, आणि तसं मी दादाला आधीच बजावलं होतं. जाळं काढायचा मार्ग मात्र नाहीच: ते बेकायदा आहे, मागच्या गाडीवाल्याच्या नाकात विष जातं, आणि मागचा सेन्सर चुगली करून दिवा पुन्हा लावतोच.

मग कोड पुसला. पुसल्यावर दिवा विझणारच, त्याला अर्थ नाही. गाडीची स्वतःची तपासणी पुन्हा पूर्ण व्हावी लागते. दादा चार दिवस नेहमीच्या फेऱ्या मारत राहिला. पाचव्या दिवशी लाखनीला चहाला थांबून त्याने फोटो पाठवला: कॅटॅलिस्टची तपासणी पूर्ण, कोड एकही नाही. फी त्याच आठवड्यात भरली. मिस्त्रींनी आता सेन्सरच्या रेषा दाखवणारा स्कॅनर घेतलाय, आणि कोड आला की गिऱ्हाइकाला आधी फडक्याचा आवाज ऐकवतात.