गोबरगॅसची टाकी आंबते तेव्हा



पळसदरीच्या आमच्या गटांत लग्नसराईत आणि आंब्याच्या दिवसांत एक तक्रार येतेच. गोबरगॅसची चावी उघडली की वायू येतो, पण शेगडी पेट धरत नाही. मग पुन्हा मोळी आणि पुन्हा धूर. चौकशी केली की कळतं, उरलेला शिरा, जिलबीचा पाक, नासके आंबे असं सगळं एकदम टाकीत गेलंय. गोड जास्त घातलं तर गॅसही जास्त होईल, असं वाटतं. पण तसं होत नाही. का ते बघू.

टाकीच्या आत हवा नसते. तिथे जिवाणूंच्या तीन टोळ्या काम करतात. पहिली टोळी साखर आणि पीठ खाऊन आम्लं तयार करते, इडलीचं पीठ आंबतं तसं. त्यातून हायड्रोजन वायूही निघतो. दुसरी टोळी ती आम्लं मोडून व्हिनेगरमधलं आम्ल करते, तेव्हा आणखी हायड्रोजन सुटतो. तिसरी टोळी हे आम्ल आणि हायड्रोजन घेऊन मिथेन बनवते. शेगडीत जळतो तो हाच मिथेन.

हायड्रोजन साचला की दुसरी टोळी अडते. तिसरीने तो उचलला तरच तिचं काम पुढे सरकतं. पण तिसरी संथ. साखर मिळाली की पहिली काही तासांत दुप्पट होते, तिसरीतल्या काहींना दिवस लागतात. मग आम्ल साचतं, टाकी आंबते आणि तिसरी टोळी पार मंदावते. वर येणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो पेटत नाही.

म्हणजे खरकटं वाईट असं नाही. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर, पिठावर चालणारं छोटं संयंत्र बनवलं. त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. फक्त खरकटं रोज थोडं थोडं घालायचं.

टाकी आंबलीच तर खरकटं बंद करा. काही दिवस काहीच घालू नका. मग शेण आणि पाणी सारखं घेऊन थोडा थोडा काला घाला. शेजारच्या चालू टाकीतली बादलीभर मळी मिळाली तर उत्तम, तिच्यात तिसरी टोळी तयारच असते. ज्योत निळी, स्थिर झाली की मगच मूठभर खरकट्यापासून सुरुवात करा.

आणि एक सांगणं. टाकी बिघडली म्हणून ती उपसायला कुणालाही आत उतरू देऊ नका. आतल्या वायूने माणूस जागीच कोसळतो. टाकी सावकाश ताळ्यावर येते, तेवढी वाट बघा.