सदतीस दिवसांचा आसरा

उत्तर इंग्लंडमध्ये डरहॅम नावाचं एक लहानसं शहर आहे. वीअर नदीनं तीन बाजूंनी वेढलेल्या उंच कड्यावर तिथलं कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, उभं आहे. १०९३ च्या ऑगस्टमध्ये त्याची पायाभरणी झाली आणि ११३३ पर्यंत मुख्य काम पुरं झालं. एवढ्या प्रचंड दगडी कामाला अवघी चाळीस वर्षं!

ही जागा संत कथबर्टची. ते ६८७ मध्ये वारले. व्हायकिंगांच्या धाडी सुरू झाल्या तेव्हा लिंडिसफार्न बेटावरचे साधू त्यांची शवपेटी खांद्यावर घेऊन बाहेर पडले. पिढ्यान् पिढ्यांच्या वणवणीनंतर ९९५ मध्ये ती पेटी डरहॅमला विसावली. पुढं १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. त्यांच्या बिशपनं तिथलं जुनं चर्च पाडून हे नवं उभारलं. शेजारी किल्ला होताच. सत्ता कुणाची आहे, हे लोकांना दुरूनच दिसावं, असाही हेतू त्यात होता.

या शैलीला रोमनेस्क म्हणतात. अर्धगोल कमानी, जाडजूड भिंती, लहान खिडक्या. डरहॅमचे गोल खांब जितके उंच, जवळजवळ तितकाच त्यांचा घेर, साडेसहा मीटरच्या वर. त्यांच्यावर नागमोडी रेघा, शंकरपाळ्यांसारखी नक्षी, सर्पिल खाचा कोरल्या आहेत. पण खरी करामत वर आहे. दगडी छताचं ओझं भिंतींना बाहेर ढकलतं, म्हणून भिंती जाड कराव्या लागत. डरहॅमच्या गवंड्यांनी आधी दगडी फासळ्यांच्या तिरक्या कमानी बांधल्या आणि त्यांच्यामधली जागा भरून घेतली. भार फासळ्यांवरून नेमक्या ठिकाणी उतरू लागला. छताच्या आडव्या कमानींना त्यांनी टोकही दिलं. पुढच्या गॉथिक चर्चचं बीज इथं दिसतं.

पश्चिमेकडे ११७० च्या दशकातलं गॅलिली चॅपेल आहे. त्याचे सडपातळ खांब आणि कमानींच्या रांगा चित्रात पाहताना मला कॉर्डोबाची मशीद आठवते. अभ्यासकांनीही हे साम्य नोंदवलं आहे. इतिहासकार बीड यांची कबर इथंच आहे. स्त्रियांना या चॅपेलपर्यंत येता येई. मुख्य चर्चच्या फरशीत मात्र काळ्या संगमरवराची एक रेघ आहे. मठाच्या काळात तिच्यापुढं स्त्रियांनी पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता.

आता उत्तरेच्या दाराकडं वळू. तिथं सिंहासारख्या तोंडाची काशाची कडी आहे. मूळ कडी १२ व्या शतकातली. ती संग्रहालयात ठेवली आहे, दारावर तिची प्रतिकृती आहे. गुन्हा करून पळालेल्या माणसानं ही कडी वाजवली, की दारावरच्या खोलीतले पहारेकरी त्याला आत घेत. मग घंटा वाजे. त्यानं गुन्हा कबूल करायचा, शस्त्र खाली ठेवायचं, खांद्यावर पिवळा क्रूस असलेला काळा झगा घालायचा. सदतीस दिवस त्याला अभय मिळे. त्या मुदतीत त्यानं तडजोड करावी, नाही तर ठरवून दिलेल्या बंदरातून देश सोडावा. १४६४ ते १५२४ या साठ वर्षांत तीनशेहून अधिक जणांनी असा आसरा घेतल्याची नोंद आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या हातून माणूस मेला होता. म्हणजे खुन्याला दार उघडं होतं आणि निरपराध स्त्रीला रेघ आडवी होती!

१६२० च्या दशकात कायद्यानं हा आसरा बंद केला. त्याला तीस वर्षंही झाली नसतील; ३ सप्टेंबर १६५० रोजी डनबारच्या लढाईत क्रॉमवेलनं स्कॉटिश फौजेचा पराभव केला. सुमारे तीन हजार कैदी उपाशीपोटी चालवत डरहॅमला आणले आणि याच चर्चमध्ये कोंडले. भूक, थंडी आणि हगवणीनं त्यांतले सुमारे सतराशे मेले. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते हरलेल्या बाजूचे होते. त्यांना कुणी सदतीस दिवस दिले नाहीत.

२०१३ मध्ये चर्चजवळ बांधकामासाठी खोदताना हाडं सापडली. तपासणीअंती ती याच सैनिकांची ठरली. बरेचसे तरुण होते, काही तर कोवळी पोरं. २०१८ मध्ये डरहॅममध्येच त्यांचं रीतसर दफन झालं. साडेतीनशेहून अधिक वर्षांनी!

भिंती त्याच होत्या, छत तेच होतं. घंटा वाजवून पळपुट्याला आत घेणारीही माणसंच होती आणि बाहेरून दार लावून घेणारीही माणसंच. डरहॅमच्या गवंड्यांनी दगडाचा भार कसा पेलायचा, हे शोधून काढलं. दारात आलेल्या माणसाचा भार कसा पेलायचा, हे मात्र दर पिढीला नव्यानं शिकावं लागतं.