चाल एक, ऐकणारे अनेक
(आळंदी, कार्तिक वद्य द्वादशी, रात्रीचे निरूपण)

टाळकरी मंडळींनी जरा बसून घ्या. वीणेकरीबुवा उभेच राहतील, त्यांना सुटका नाही. मागे माउल्या उभ्या आहेत त्यांना थोडं पुढं येऊ द्या. थंडी आहे, जवळ जवळ बसलं म्हणजे ऊबही राहते.

आज द्वादशी. उद्या त्रयोदशी. उद्या आळंदीत काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. शके 1218, म्हणजे इसवी सन 1296, कार्तिक वद्य त्रयोदशी. एकवीस वर्षांचे माउली समाधीला बसले. उद्या नामदेवरायांच्या घराण्यातले वंशज देवळात त्या प्रसंगाचं कीर्तन करतील. तुम्ही ऐकाल आणि रडाल. दरवर्षी रडता. पुढं काय होणार हे पाठ आहे, तरी रडता. आणि या दिवसाला नाव काय दिलंय आपण? समाधी सोहळा! सोहळा म्हणजे तर आनंदाची गोष्ट. लग्नाचा सोहळा, मुंजीचा सोहळा. मग रडायचं कशाला? आणि रडायचंच असेल तर सोहळा कशाला म्हणायचं?

हा प्रश्न मला पोथीनं घातला नाही, एका आईनं घातला. ती गोष्ट सांगतो आणि मग पुढं जातो.

आमच्याकडच्याच एका गावात सप्ताह होता. कीर्तन उतरलं, लोक पाया पडून गेले. एक आई खांबापाशी तशीच बसून होती. जवळ आली आणि म्हणाली, "महाराज, मी पापी आहे का?" म्हटलं, "का गं आई, असं का विचारतेस?" म्हणाली, "मला हरिपाठ ऐकवत नाही."

तिचे मालक दिंडीतले जुने टाळकरी. दोन वर्षांपूर्वी गेले. आपल्यात वारकऱ्याला कसं नेतात? टाळ-मृदंगाच्या गजरात नेतात. भजनी मंडळाच्या लोकांनी आपल्या माणसाला आपल्या चालीत पोचवलं. आता या आईचं घर देवळाच्या पाठीमागं. रोज संध्याकाळी तीच मंडळी, तेच टाळ, तीच चाल. टाळ वाजले की हिच्या पोटात कालवाकालव होते. खिडकी लावून घेते. आणि त्याच घरातली नात, सहा-सात वर्षांची, टाळ वाजले की हातातला घास टाकून देवळाकडं पळते. पावली खेळायला! एक घर, एक खिडकी, एक चाल. पोरगी नाचते आणि आजी रडते. शेजारपाजारच्या बाया म्हणतात, "देवाच्या नावात कसलं रडणं? अशुभ आहे."

सांगा बरं माउली, ती चाल सुखाची की दुःखाची?

आता शास्त्र याबद्दल काय म्हणतं ते बघू. शास्त्राला डावलून चालत नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सुरांची वाटणीच करून ठेवली आहे. मध्यम-पंचम हास्याला आणि शृंगाराला दिले. षड्ज-ऋषभ वीराला, रौद्राला, अद्भुताला. धैवत बीभत्साला आणि भयानकाला. आणि गांधार-निषाद करुणाला. म्हणजे सुरात काहीतरी आहे, हे त्यांनीही मानलं. आणि आहेच. आई अंगाई म्हणते, तान्ह्या लेकराला एक शब्द कळत नाही, तरी निजतं ना? संथ, खाली खाली उतरत येणारा सूर आपल्याला हळवं करतो, कारण माणूस रडतो तेव्हा त्याचा आवाज तसाच खाली येतो, तसाच तुटतो. द्रुत लय लागली की पाय आपोआप हलतात. हे गरिबाला, श्रीमंताला, आपल्याला, परक्याला सगळ्यांना थोडंफार सारखंच.

पण तेवढ्यानं भागत नाही. काफी घ्या. काफीत गांधारही कोमल, निषादही कोमल. एवढंच बघितलं तर काफीनं आपल्याला रडवायला हवं. पण काफीत गातात काय? होरी! रंग, पिचकारी, गोपाळांचा धुमाकूळ. आता मारवा घ्या. त्यात गांधार शुद्ध, धैवत शुद्ध, निषादही शुद्ध. पण सूर्य मावळताना मारवा कानावर पडला की चांगल्या भरल्या घरातल्या माणसालाही हुरहूर लागते. आपण काय हरवलंय तेच कळत नाही. (पेटीवाले मान हलवतायत, म्हणजे माझं चुकलेलं नाही.)

मग सुराच्या जोडीला आणखी काय असतं? ऐकणाऱ्याचं आयुष्य असतं. लग्नात सनई वाजते. सीमांतपूजनाला वाजते, मुहूर्ताला वाजते, तोवर सगळे खुशीत. पाठवणीची वेळ होते. सनईवाला तोच, सनई तीच. नवऱ्याकडची मंडळी गाडीत सामान भरताना गुणगुणत असतात, आणि मुलीचा बाप मांडवाच्या खांबाला धरून उभा असतो. त्या माणसाला पुढं वर्षभर कुठंही सनई ऐकू आली तरी गळ्यात आवंढा येतो. सनईनं त्याचं काय वाकडं केलंय? पण त्याच्या कानात सनईला आता लेक चिकटलेली आहे.

मी स्वतःचंच सांगतो. आमचा दिवस कसा असतो? सकाळी नदीकाठी दशक्रियेचं प्रवचन. संध्याकाळी दुसऱ्या गावात सप्ताहाचं कीर्तन. मी तोच, फेटा तोच, गळा तोच, पुष्कळदा अभंगही तोच आणि चालही तीच. सकाळी त्या चालीवर पदर डोळ्याला लागतात, संध्याकाळी त्याच चालीवर टाळकरी उड्या मारतात. मी काही वेगळं गायलेलं नसतं. लोक आपापल्या घरून जे घेऊन आलेले असतात, ते त्या चालीत ओततात.

हे मला उशिरा कळलं. आणि कळायच्या आधी माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरं नाही. तेव्हा मी नवा होतो, आवाज चढा होता, लोक ऐकतात याचा अंमल होता. एका गावात भैरवी सुरू केली आणि समोरचा एक माणूस हमसाहमशी रडायला लागला. मी थांबलो आणि व्यासपीठावरून, हजार लोकांत, म्हणालो, "अहो, नामात रडू येतं त्याची श्रद्धा कच्ची!" लोक हसले. तो माणूस उठून गेला. जेवताना यजमानांनी सांगितलं, त्याचा तरणा मुलगा जाऊन महिना झाला नव्हता. पुढचा घास माझ्या घशाखाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो, पाया पडलो. तो म्हणाला, "राहू द्या महाराज." एवढंच. पण कीर्तनाला परत आला नाही.

म्हणून ती आई विचारत होती तेव्हा मी एकदम उत्तर दिलं नाही. आधी मनात ते शास्त्रवचन आठवलं. अष्टसात्त्विक भाव आठ सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. यात अश्रू एकदाच आले आहेत. आनंदाश्रू वेगळे आणि दुःखाश्रू वेगळे, असे दोन खाने केलेले नाहीत. पांडुरंग भेटला तरी डोळ्यांना पाणी, पांडुरंगाला सोडून परत निघालो तरी डोळ्यांना पाणी. आषाढीत पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. लाह्या उधळतात, एकमेकांच्या तोंडात काला भरवतात, हसतात, आणि त्याच वेळी ठाऊक असतं की आता पंढरी सुटली. म्हाताऱ्या माणसाच्या मनात येतं, पुढच्या आषाढीला मी असेन का? त्या वेळचं पाणी कोणत्या खान्यात टाकाल?

तिला म्हटलं, "आई, तू पापी नाहीस. शेजारणींचं ऐकू नकोस. जबरदस्तीनं खिडकी उघडू नकोस." आणि मी शहाणपणा केला. भजनी मंडळाच्या पुढाऱ्याला बोलावून सांगितलं, महिनाभर हरिपाठ दुसऱ्या चालीत घ्या. बिचाऱ्यांनी ऐकलं. चाल बदलली.

आठ दिवसांनी त्या आईचा निरोप आला. काय असेल? मला वाटलं, बरं वाटलं म्हणून सांगत असेल. निरोप असा होता: "महाराज, पहिली चाल परत घ्यायला सांगा. त्या चालीत ते होते. नवी चाल लागली आणि घर आणखी रिकामं झालं."

माउली, मी इतकी वर्षं कीर्तन करतो. भरतमुनी सांगतो, राग सांगतो. पण या बाईनं एका निरोपात जे सांगितलं ते मला कुठल्या ग्रंथातून सांगता आलं नसतं. ज्या सुरानं ती रडत होती, तोच सूर तिला हवा होता! मला वाटत होतं की दुःख सुरात आहे, सूर काढला की दुःख जाईल. दुःख होतं तिथंच राहिलं. सूर काढला तेव्हा गेलं ते माणूस.

आता उद्याचं बघा. निवृत्तिनाथ माउलींचे गुरू. देह नाशिवंत आहे हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं का? ज्ञान दिलं तेच त्यांनी. पण नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत निवृत्तिनाथांचा शोक मांडला आहे, झाकला नाही. आणि सातशे वर्षांहून अधिक काळ आपण ते ऐकत आलो. कुणी म्हणालं नाही की अभंग फार दुःखाचे आहेत, चाल बदला.

त्या गावात परवा गेलो होतो. हरिपाठाच्या वेळी मुद्दाम देवळाच्या मागच्या बाजूनं गेलो. नात पुढं पावली खेळत होती. आई घरातच होती. अजून रडते, पदर डोळ्याला होताच. खिडकी उघडी होती.

उद्या दुपारी बारा वाजता घंटा होईल. तुमच्यापैकी कुणी रडेल, कुणी हात जोडून हसत उभा राहील, कुणाला काहीच होणार नाही आणि तो आपल्या एसटीची वेळ बघेल. राहू द्या. शेजारच्याकडं बघू नका.

मृदंगबुवा, लावून घ्या. पेटी काळी चार. चारही सूर कोमल, आणि ज्याला जे ऐकू येईल ते येऊ द्या. भैरवी घेऊ. पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!