चढलेली पायरी



सरकारी कचेरींत दोन कारकून शेजारीं शेजारीं बसतात. धाकट्यास बढती मिळते. तो पांचसहा वर्षें वरचें काम चोख करतो, आणि एके दिवशीं हुकूम येतो कीं, यादी चुकली होती. थोरला वर जाईल, तुम्ही खालीं या. यांत न्याय झाला कीं अन्याय, असें मला कोणीं विचारल्यास मी उलट विचारीन : ती यादी कोणीं केली होती?

आपल्या महाराष्ट्रांत हा वाद गाजला तो अभियंत्यांच्या खात्यांत. उपअभियंत्यांच्या जागा कांहीं थेट नेमणुकीनें भरत, कांहीं खालून बढती देऊन. १९६० च्या नियमांप्रमाणें एखाद्या सालीं थेट आलेले सगळे, त्या सालीं 'कायम' झालेल्या बढतीवाल्यांच्या वर बसत. आतां कायम करणें सरकारच्या मर्जीचें. वर्षानुवर्षें तेंच काम केलेला मनुष्य, केवळ कागदावर शिक्का पडला नाहीं म्हणून, काल आलेल्या तरुणाच्या मागें जाई. १९७७ सालीं पटवर्धन यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें हा नियम रद्द केला. निकाल लिहिला न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड यांनीं. ते आपल्या पुण्याचेच. १९९० मध्यें पांच न्यायमूर्तींच्या पीठानें तत्त्व पक्कें केलें. नेमणूक नियमानुसार असेल तर ज्येष्ठता त्या दिवसापासून. नियम सोडून तात्पुरती सोय म्हणून बसविलें असेल तर तो काळ धरावयाचा नाहीं. शिवाय, स्थिरावलेली घडी विस्कटणें नोकरीच्या हिताचें नव्हे, असेंहि त्या पीठानें सांगितलें.

आम्ही कसब्याचे लोक मानापानाच्या बाबतींत काटेकोर. विसर्जनाच्या मिरवणुकींत कसबा गणपति पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, हा क्रम मंडईंतून निघण्यापूर्वींच ठरलेला असतो. अलका चौकापर्यंत गेलेल्या पालखीस कोणी परत फिरवीत नाहीं.

म्हणून थोरल्यानें मुकाट बसावें काय? मुळींच नाहीं. जुन्या पद्धतीचें निवृत्तिवेतन अखेरच्या पगारावर ठरतें. चुकलेली बढती त्याच्या म्हातारपणाच्या ताटांतला घांस काढून घेते. मात्र त्यानें वेळेवर बोललें पाहिजे. बढतीविरुद्धची तक्रार सहा महिन्यांत, फार तर वर्षाच्या आंत न्यायालयापुढें यावी, असें १९७४ च्या एका निकालांत म्हटलें आहे. याउलट, जुन्या हैदराबाद संस्थानांतून आपल्याकडे आलेल्या महसुली अधिकाऱ्यांचें गाऱ्हाणें १९७३ सालीं न्यायालयानें दहा वर्षांहून अधिक विलंब होऊनहि ऐकलें. कारण मधल्या काळांतील बढत्या तात्पुरत्या म्हणूनच दिलेल्या होत्या. त्या मिळालेल्यांस आपली जागा पक्की आहे असें समजण्याचा अधिकार नव्हता. मला हा भेद फार मोलाचा वाटतो.

परंतु ज्यास बढती नियमानें, पक्की, मागणी न लपवितां मिळाली, त्यास यादीकाराच्या चुकीसाठीं खालीं कां ओढावें? थोरल्यास मानीव दिनांक देऊन त्याची ज्येष्ठता व वेतन पूर्ववत् करावें, आणि धाकट्यासाठीं अधिसंख्य पद, म्हणजे ठरल्या संख्येवरचें जादा पद, निर्माण करावें. तो पुढें रिकाम्या होणाऱ्या जागेंत सामावेल. यांत तिजोरीवर भार पडतो, हें खरें. पण चूक सरकारी कचेरीची असतां भार एका कुटुंबावर टाकणें मला पटत नाहीं. वरच्या पगारावर मुलाचें शिक्षण आणि घराचें कर्ज उभें असतें.

वशिल्यानें चढलेल्याची गोष्ट निराळी. त्यास उद्यां सकाळीं उतरविलें तरी माझी हरकत नाहीं.